डेकचं लाकूड

आमच्या न्यू जर्सीतल्या घरामागचा डेक यंदा अखेर थकला. एका फळीतून बाबांचा पाय जवळजवळ खालीच गेला होता. (देशातल्या नातेवाईकांसाठी: डेक म्हणजे परसदारी लाकडी फळ्यांचा उघडा ओटा.) कंत्राटदाराने दोन पर्याय दिले. औषध मुरवलेलं पाइनचं लाकूड, नाहीतर लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिळून केलेलं कंपोझिट. सवयीप्रमाणे मी आधी वाचत बसलो, आणि वाचता वाचता पोचलो थेट देहरादूनला!

तिथल्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन नावाचे शास्त्रज्ञ होते. १९३३ साली त्यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं एक मिश्रण शोधून काढलं. तांबं बुरशी मारतं, आर्सेनिक किडे मारतं, आणि क्रोमियम त्या दोघांना लाकडात घट्ट धरून ठेवतं. वाळवीच्या देशातला हा उपाय अमेरिकेत गेला, १९३८ मध्ये त्याला तिथलं पेटंट मिळालं. १९७० च्या दशकापासून तर अमेरिकन डेकसाठी सर्रास हेच हिरवट झाक असलेलं लाकूड वापरलं जाऊ लागलं. स्वस्त आणि टिकाऊ. लावा आणि विसरा.

पण विसरता आलं नाही. थोडंथोडं आर्सेनिक पावसाबरोबर खालच्या मातीत उतरतं, हाताला लागतं, हे लक्षात आलं. २००३ च्या अखेरीस उत्पादकांनी घरगुती कामासाठी ते बनवणं थांबवलं. आता त्या जागी मुख्यतः तांब्याची औषधं असतात.

आमचा डेक १९९० च्या दशकातला. हिरवट झाक असलेला. पोरांनी याच फळ्यांवर सांडलेले चुरमुरे वेचून खाल्ले होते, आणि कडेच्या मातीत मी दोन वर्षं कोथिंबीर लावली होती. मुलं ठणठणीत आहेत, पण ते वाचल्यावर पोटात गोळा आला तो आलाच.

मग कंपोझिट? तेही 'लावा आणि विसरा' म्हणतच आलं. मोबिल कंपनीच्या अशा फळ्या बनवणाऱ्या विभागातून १९९६ मध्ये ट्रेक्स कंपनी उभी राहिली. जुन्या पिशव्या आणि भुसा सत्कारणी लागला, ही गोष्ट खरंच चांगली. पण सुरुवातीच्या फळ्यांमधला भुसा पाणी प्यायचा, काळे डाग पडायचे. म्हणून नंतर वरून प्लॅस्टिकचं कवच आलं. आणि गंमत म्हणजे खालचा सांगाडा बहुतेक वेळा औषध मुरवलेल्या लाकडाचाच असतो!

शेवटी दोन्ही नमुने दुपारी उन्हात ठेवले. बाबा अनवाणी येऊन दोन्हींवर उभे राहिले. गडद कंपोझिटवरून लगेच उतरले. म्हणाले, "आपल्या कोकणात वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावायचो. दर वर्षी, पावसाआधी. लाकूड म्हटलं की त्याच्याकडे बघावं लागतंच."

लाकूडच घेतलं. जुन्या फळ्या जाळायच्या नसतात, त्या नीट कचऱ्यात गेल्या. दर एक-दोन वर्षांनी नव्यांना तेल लावायचं काम आता माझ्याकडे. विसरायची सोय असलेल्या वस्तूचं बिल उशिरा येतं, आणि बहुधा दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर येतं. त्यापेक्षा दिसणारं काम बरं.

असो. ब्रश आणायला हवा.