शाकारणी

शाकारणी : पावसाळ्याच्या तोंडावर घराचे छप्पर उतरवून, दुरुस्त करून पुन्हा घालण्याचे काम. गवत, पेंढा, झावळ्या किंवा कौले यांनी घर आच्छादण्याच्या क्रियेस ‘शाकारणे’ म्हणतात. धाब्याच्या अथवा माळवदाच्या घरावर माती पसरण्यास हा शब्द सहसा लावीत नाहीत. तथापि दोन्ही कामांचा हंगाम व हेतू एकच असल्याने त्यांचा विचार येथे एकत्र केला आहे. महाराष्ट्रातील खेड्यांत छप्पर ही एकदा बांधून संपणारी वस्तू नव्हती. वैशाखापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत (सु. ७ जून) दरवर्षी उरकावयाचे ते एक काम होते, आणि गावातील माणसांखेरीज ते करणारे दुसरे कोणी नव्हते.

छपराचा प्रकार पर्जन्यमान आणि हाताशी असलेले साहित्य यांवरून ठरे. कोकणात व सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस फार; म्हणून तेथे तीव्र उताराची दुपाखी किंवा चौपाखी छपरे आढळतात. पठारावरील कमी पावसाच्या भागात, विशेषतः मराठवाडा, खानदेश व सोलापूरकडील प्रदेशात, मातीचे सपाट छप्पर रूढ झाले. ते उन्हाळ्यात घर थंड ठेवी आणि धान्य वाळविण्यास व रात्री निजण्यास उपयोगी पडे.

सर्वांत जुने व साधे छप्पर गवताचे. आढे व वासे यांवर बांबूच्या कांबी आडव्या बांधून त्यांवर गवताच्या पेंढ्या वळचणीपासून वर आढ्याकडे रचीत नेत. किनाऱ्यालगत माडाच्या विणलेल्या झावळ्या, भातशेतीच्या भागात पेंढा, ऊस पिकविणाऱ्या भागात पाचट वापरीत. अशा केंबळी घरास खर्च अल्प असे. मात्र आच्छादन वरचेवर बदलावे लागे आणि आगीचे भय सतत असे. उन्हाळ्यात एका घराची ठिणगी आळीभर पसरे. कौलांकडे लोकांचा ओढा वाढण्याचे हे एक मुख्य कारण होय.

गावठी कौल हे कुंभाराचे काम. चाकावर निमुळती नळी काढून ती काहीशी सुकल्यावर उभी कापीत आणि दोन्ही अर्धे भट्टीत भाजीत. यावरून त्यास ‘नळीचे कौल’ असे नाव पडले. एक ओळ उताणी व दोन ओळींच्या सांध्यावर दुसरी पालथी, अशी ती मांडीत. ही कौले कोठेही अडकविलेली नसतात, केवळ उताराच्या आधाराने राहतात. वारा, मांजरे आणि विशेषेकरून माकडे यांमुळे ती सरकत. त्यामुळे दरवर्षी सगळे पाखे उतरवून कौले झाडणे, फुटकी बाजूस काढणे, कुजलेली कांब बदलणे व पुन्हा मांडणे भाग पडे. यास ‘कौले परतणे’ किंवा ‘चाळणे’ म्हणत. परतणाऱ्याचे कसब हाताइतकेच पायांत असे. वाशाचा अंदाज घेऊन, एकही कौल न फोडता त्याला पाख्यावर वावरावे लागे.

या कामाचा मोबदला ठरविण्याची रीत सर्वत्र सारखी नव्हती. सुतार व कुंभार हे बलुतेदार असले (→ बलुतेदार), तरी सुताराचे बलुते मुख्यतः शेतीच्या अवजारांसाठी असे. घरबांधणीचे काम त्याच्याकडून वेगळा मोबदला देऊन करून घेत. वार्षिक शाकारणी मात्र बहुधा सावडीने होई. आज एकाच्या घरावर, उद्या दुसऱ्याच्या, आणि राबणाऱ्यांस घरधन्याकडून जेवण, असा तो व्यवहार होता. ग्रामजीवनाच्या वर्णनांत त्याचे पुष्कळ कौतुक झालेले आढळते. परंतु सावडीत फेडीचे श्रम देऊ न शकणाऱ्या विधवेस किंवा वृद्धास मजुरी मोजावी लागे अथवा भावकीच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागे, हेही लक्षात घेतले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यवस्थेस दोन बाजूंनी धक्का बसला. १८७८ च्या वन अधिनियमानंतर राखीव जंगलांतून लाकूड, बांबू व गवत आणण्यावर निर्बंध आले. दुसरा बदल समुद्रमार्गे आला. बाझेल मिशनच्या गेओर्ख प्लेप्स्ट याने १८६५ मध्ये मंगळूर येथे यंत्राने कौले पाडण्याचा कारखाना काढला. फ्रान्समधील नमुन्यावर आधारलेल्या या चपट्या कौलास कडेला खाचा व खालच्या अंगास रिपेवर अडकणारी बोंडे असतात. ती एकमेकांत गुंतत असल्याने दुहेरी थर लागत नाही व छपराचा भार कमी होतो. गलबतांतून ही कौले कोकणातील बंदरांत व मुंबईस येऊ लागली. मुंबईच्या गिरण्यांत चाकरी करणाऱ्यांनी पाठविलेल्या पैशांतून कोकणातील अनेक घरे पुढे गवताची मंगळुरी झाली.

या कौलाने कामाची वाटणीच बदलली. रिपा समान अंतरावर व सरळ नसतील, तर मंगळुरी कौल बसत नाही. त्यामुळे सुताराचे महत्त्व वाढले आणि गावच्या कुंभाराचे एक उत्पन्न गेले. सबंध छप्पर दरवर्षी उतरविण्याची गरज राहिली नाही, आढ्याजवळची व फुटकी कौले बदलली की भागे. लोखंडाच्या नागमोडी पत्र्याचे पेटंट इंग्लंडमध्ये १८२९ मध्ये घेतले गेले होते. जस्ताचा मुलामा दिलेला असा पत्रा पुढे येथेही पोहोचला आणि कौल परवडत नसलेल्यांच्या घरांवर चढला.

माळवदाचा इतिहास निराळा आहे. तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडी किलचने, त्यांवर पाला व त्यावर चोपलेली माती असे त्याचे थर असत. वरच्या थरासाठी पांढरी माती पसंत करीत, कारण तीतून पाणी सहसा झिरपत नाही. ही माती पुष्कळदा जुन्या वस्तीच्या टेकाडांतून, म्हणजे ‘पांढरी’तून, खणून आणीत. त्यामुळे अनेक प्राचीन वसतिस्थानांचे वरचे थर नष्ट झाले. शेकडो वर्षांपूर्वीचे गाव नव्या गावाच्या डोक्यावर जाऊन बसले, असेच म्हणावे लागेल.

माळवदाची योग्य निगा म्हणजे पावसापूर्वी उगवलेले गवत उपटणे, जुना सैल थर खरवडून खाली टाकणे, चाळलेली माती पन्हळीकडे उतार ठेवून पसरणे व चोपणे. खरवडण्याचे काम कष्टाचे व वेळखाऊ असल्याने ते मागे पडले. गळती थांबविण्यास जुन्या मातीवरच नवी टाकण्याची सवय जडली. वर्षानुवर्षांच्या या भरीने कित्येक घरांवर मातीची जाडी अर्धा मीटर व त्याहूनही अधिक झाली. खाली दगड-मातीच्या जाड भिंती होत्या. त्यांचे आतील व बाहेरील पदर जोडणारे आरपार दगड बहुधा घातलेले नसत.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्यात सु. आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंप मध्यम तीव्रतेचा होता; एवढी मोठी प्राणहानी मुख्यतः ढासळलेल्या भिंती व त्यांवरील मातीचे छप्पर यांखाली सापडून झाली. जेथे माळवदाचा भार भिंतींवर नसून लाकडी खांबांच्या सांगाड्यावर होता, तेथे भिंती पडूनही छप्पर उभे राहिल्याची उदाहरणे आढळली. म्हणून दोष केवळ मातीच्या छपराला देणे बरोबर नाही. न खरवडलेली माती व न बांधलेली भिंत यांचा तो संयुक्त परिणाम होता. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. दगड व माळवद यांची लोकांनी एवढी धास्ती घेतली, की कित्येक कुटुंबे पक्क्या घराऐवजी पत्र्याच्या निवाऱ्यात निजणे पसंत करीत.

१९८५ मध्ये सुरू झालेली इंदिरा आवास योजना व २०१६ पासूनची प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) यांमुळे सिमेंट-काँक्रीटचे सपाट छप्पर खेड्यापाड्यांत पोहोचले, आणि शाकारणीचा हंगाम पुष्कळ गावांतून नाहीसा झाला. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड व उत्तर रत्नागिरीतील असंख्य घरांची कौले व पत्रे उडविले. करोना साथीच्या टाळेबंदीच्या त्या दिवसांत कौले व पत्रे मिळणे अवघड होते, परतणारे हातही थोडे उरले होते. अनेकांना ताडपत्रीखाली पावसाळा काढावा लागला. त्यानंतर स्लॅबकडे कल अधिकच वाढला. मात्र कोकणच्या पावसात सपाट स्लॅबही गळतो. त्यामुळे त्यावर लोखंडी खांब उभारून पत्र्याचे उतरते छप्पर चढविलेली घरे आता तेथे सर्रास दिसतात.