हार्टफर्डच्या बधिरशाळेचा उगम : एका पित्याचें कार्य

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बधिरांची पहिली कायम शाळा कनेक्टिकट संस्थानांत, हार्टफर्ड शहरीं, ता. १५ एप्रिल १८१७ रोजीं उघडली. तिचे संस्थापक म्हणून टॉमस गॅलोडेट व लॉरां क्लेर या दोघां शिक्षकांचीं नांवें सर्वत्र घेतलीं जातात व तें यथार्थच आहे. परंतु शाळेची गरज प्रथम कोणीं सिद्ध केली, तिच्यासाठीं माणसें कोणीं जमविलीं आणि गॅलोडेट यांस या कार्यास कोणीं लाविलें, असे प्रश्न केले म्हणजे तिसऱ्याच एका गृहस्थाकडे वळावें लागतें. हे गृहस्थ म्हणजे हार्टफर्ड येथील शस्त्रवैद्य डॉ. मेसन कॉग्झवेल.

डॉक्टरांची कन्या ॲलिस हिचा जन्म १८०५ सालचा. ती सुमारें दोन वर्षांची असतां साथीच्या ज्वरानें तिची श्रवणशक्ति गेली व मागोमाग वाचाही लोपली. मोतीबिंदूवर शस्त्र चालविण्यांत नांवाजलेल्या या पित्यापाशीं मुलीच्या बहिरेपणावर मात्र उपाय नव्हता. उरला तो शिक्षणाचा मार्ग. पण बधिरांस शिकविणारी शाळा त्या देशांत एकही नव्हती. ऐपतदार आईबाप आपलीं मुलें समुद्रापार एडिंबरो येथें ब्रेडवुड यांच्या शाळेंत धाडीत.

असाच एक पिता कॉग्झवेल यांच्या आधीं होऊन गेला होता, त्याची हकीकत येथें ध्यानांत घेणें अवश्य आहे. बोस्टनचे व्यापारी फ्रान्सिस ग्रीन यांनीं आपला बधिर मुलगा चार्ल्स यास १७८० सालीं एडिंबरोस पाठविलें, त्याची प्रगति पाहून १७८३ सालीं लंडन येथें एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि मुलगा १७८७ त बुडून मरण पावल्यावरही हा विषय सोडला नाहीं. १८०३ सालीं त्यांनीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील धर्मोपदेशकांकडून बधिरांची मोजदाद करविली. तींत ७५ असामी भरल्या. परंतु पुढें कांहींच घडलें नाहीं व १८०९ सालीं ग्रीन निवर्तले.

१८१२ सालीं कॉग्झवेल यांनीं हाच उपाय कनेक्टिकटांत योजिला. तेथील धर्मोपदेशकांच्या मंडळानें आपापल्या गांवांतून चौकशी करून ८४ बधिर नोंदविले. त्यावरून साऱ्या न्यू इंग्लंड प्रांतांत चारशेंवर व सर्व देशांत दोन हजार असावेत असा अजमास बांधण्यांत आला. एका घरचें दुःख या आंकड्यानें सार्वजनिक झालें. येथवर ग्रीन व कॉग्झवेल यांत भेद नाहीं. भेद पडतो तो यापुढें.

शेजारच्या घरचे तरुण पदवीधर गॅलोडेट हे ॲलिसला शब्द शिकवूं लागले होते. ती लिडिया हंटली या कवयित्रीच्या शाळेंतही बसे. त्यामुळें ही मुलगी शिकूं शकते ही गोष्ट शहरांतील प्रतिष्ठितांस ऐकीव राहिली नाहीं, डोळ्यांदेखत दिसूं लागली. ता. १३ एप्रिल १८१५ रोजीं कॉग्झवेल यांच्या घरीं कांहीं गृहस्थांची बैठक झाली. मुलें परदेशीं न धाडतां शिक्षणपद्धतीच इकडे आणावी असें ठरून वर्गणी जमविण्यांत आली, आणि मे महिन्यांत गॅलोडेट युरोपास निघाले.

ब्रिटनमध्यें त्यांची निराशा झाली. ब्रेडवुड घराण्यानें आपली विद्या गुप्त ठेविली होती. लंडनच्या शाळेनें दीर्घ उमेदवारीची अट घातली, तर एडिंबरोचे शिक्षक वचनानें बांधलेले होते. अखेर पॅरिस येथें ॲबे सिकार यांच्या शाळेनें दार उघडलें, आणि तेथील स्वतः बधिर असलेले शिक्षक क्लेर गॅलोडेट यांजबरोबर १८१६ च्या आगस्टांत अमेरिकेस आले. दरम्यान मे महिन्यांत संस्थानच्या विधिमंडळानें संस्थेस सनद दिली व आक्टोबरांत पांच हजार डॉलर मंजूर केले. पुढें १८१९ सालीं मध्यवर्ती काँग्रेसनेंही तिला सुमारें तेवीस हजार एकर जमीन दिली.

पहिल्या दिवशीं विद्यार्थी सात होते व ॲलिस त्यांत होती. मोजदादीपासून शाळा उघडेपर्यंत पांच वर्षें लोटून ती अकरा वर्षांची झाली होती. पण पहिल्याच वर्गांत जॉन ब्रूस्टर नांवाचे एक्कावन्न वर्षांचे बधिर चित्रकारही येऊन बसले. मोजदादीचा खरा अर्थ येथें उमगतो: पांच वर्षें वाट पाहणाऱ्या मुलीमागें पन्नास वर्षें वाट पाहिलेलीं माणसें उभीं होतीं.

ग्रीन यांची तळमळ कॉग्झवेल यांच्याहून उणी होती असें म्हणतां येत नाहीं. परंतु ग्रीन एकाकी राहिले. कॉग्झवेल यांनीं धर्मोपदेशक, व्यापारी, शिक्षक व विधिमंडळ यांची सांगड घातली आणि शिकविण्याचें काम शिकविणाऱ्यांवर सोंपविलें. आमच्या मतें त्यांचें पुढारीपण यांतच आहे.

डिसेंबर १८३० मध्यें कॉग्झवेल वारले; त्यांच्या मागोमाग अवघ्या पंचवीस वर्षांची ॲलिसही गेली. वॉशिंग्टन येथें गॅलोडेट यांच्या नांवच्या विद्यापीठांत १८८९ सालचें शिल्प आहे. त्यांत गुरु व ॲलिस आहेत, पिता नाहीं. हार्टफर्डची ती शाळा मात्र वेस्ट हार्टफर्ड येथें आजही चालू आहे.