कॅमेऱ्यापासून अलग झालेला प्रकाश आणि त्याचा आधार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

छायाचित्रणातील कृत्रिम प्रकाशाचा इतिहास बहुधा दिव्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु दिवा कॅमेऱ्यापासून अलग होताच तो कोठे व कशावर उभा करावयाचा, हा प्रश्नही निर्माण झाला. प्रस्तुत लेखात तीन उदाहरणांद्वारे या प्रश्नाचा मागोवा घेऊन आजच्या लाइट स्टँडच्या निवडीचे निकष मांडले आहेत.

ऐतिहासिक मागोवा

१८६१-६२ मध्ये नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसमधील भूमिगत अस्थिगृहांची छायाचित्रे विद्युतप्रकाशात घेतली. जड विद्युतघट वर रस्त्यावर ठेवून तारा खाली सोडाव्या लागत. एका छायाचित्रास अठरा मिनिटांपर्यंत अवधी लागे. म्हणून माणसांऐवजी पुतळे उभे केले गेले. दिव्याचे स्थैर्य येथे चित्रणाची पूर्वअटच होती.

१८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमयुक्त फ्लॅश पावडर तयार झाली आणि प्रकाश क्षणिक झाला. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांचे चित्रण करणारे जेकब रीस ही पावडर तव्यावर पेटवीत. मानवी हात हाच येथे स्टँड होता. या साधनामुळे दोनदा घराला आग लागल्याचे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे.

१९२९ नंतर प्रचारात आलेल्या फ्लॅशबल्बने ज्वाला काचेत बंद केली. आता तारेच्या साहाय्याने अनेक दिवे दूरवर मांडता येऊ लागले. ओ. विन्स्टन लिंक यांनी १९५५ ते १९६० या काळात अमेरिकेतील नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची अस्तंगत होणारी वाफेची इंजिने रात्री टिपली. २ ऑगस्ट १९५६ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील येगर येथील एका छायाचित्रासाठी त्यांनी ४३ फ्लॅशबल्ब वापरले. बल्ब एकदाच पेटणारा आणि धावती गाडी परत न येणारी! एखादा दिवा ढळला असता, तर ती संधी पुन्हा लाभली नसती.

निवडीचे निकष

स्टँड किती उंच होतो, यापेक्षा त्या उंचीवर तो किती स्थिर राहतो, हे पाहणे अगत्याचे आहे. पायांचा घेर रुंद असावा. सर्वांत वरची नळी सर्वांत बारीक असल्याने ती पूर्ण ताणली असता दिवा डोलतो का, हे प्रत्यक्ष तपासावे. स्टँड उघड्यावर वापरताना पायथ्याशी वाळूची पिशवी ठेवावी. दिव्यावर छत्री लावल्यास तिच्यात वारा भरतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. त्यामुळे केवळ दिव्याचे वजन पेलणारा स्टँड पुरेसा ठरत नाही.

निष्कर्ष

नादारचे घट, रीसचा तवा आणि लिंकचे बल्ब आज इतिहासजमा झाले आहेत. आधाराचा प्रश्न मात्र कायम आहे. गर्दीच्या सभागृहात कोसळणारा दिवा केवळ छायाचित्र बिघडवीत नाही, तर माणसालाही इजा करतो. म्हणून स्टँड ही दुय्यम वस्तू न मानता दिव्याइतक्याच विचारपूर्वक तिची निवड होणे आवश्यक आहे.