पर्यायी वीज, घरगुती रुग्णोपचारासाठी (धरमतर खाडीपरिसर)

वीजपुरवठा बंद पडल्यावर घरी असलेल्या रुग्णाचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, बायपॅप, सक्शन मशीन, हवेची गादी यांसारखी उपकरणे चालू ठेवण्याची व्यवस्था. इन्व्हर्टर, जनरेटर व सौर संच हे तिचे रूढ प्रकार होत. विजेशिवाय चालणारा ऑक्सिजनचा सिलिंडरही तिच्यातच धरायला हवा. किंबहुना धरमतर परिसरात तोच पहिला धरावा.

अंबा नदी नागोठण्यावरून (ता. रोहा) पेण तालुक्यात उतरते आणि धरमतर खाडीला मिळते. या पट्ट्यात लाइट जाण्याची कारणे बरीचशी हवेतच असतात. खाऱ्या वाऱ्याने खांबांवरच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो. दव किंवा पहिला पाऊस पडला की तो ओला होऊन वीज वाहून नेतो आणि फीडर ट्रिप होतो. पुढे पडणारी झाडे, आकाशातली वीज आणि पूर. याच पट्ट्यातल्या डोलवीच्या पोलाद कारखान्याला स्वतःची वीजनिर्मिती आहे. खाडीकाठच्या खारेपाटातले घर मात्र गावच्या डीपीवर आणि उघड्या तारांवर अवलंबून असते.

दोन तासांच्या खंडाची तयारी दोन दिवसांच्या खंडाला पुरत नाही, हे ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दाखवले. वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. रायगड जिल्ह्यात हजारो खांब पडले, काही गावे कित्येक दिवस अंधारात राहिली, झाडे पडून रस्ते अडले आणि मोबाइलचे मनोरेही बंद पडले. मदतीला फोन करायचा, ही योजना त्या वेळी योजनाच नव्हती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून गेले.

इन्व्हर्टर. घरोघरी दिसणारी १५० अँपिअर-तासांची, १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास वीज साठवते. मिनिटाला पाच लिटर देणारे कॉन्सन्ट्रेटर ३०० ते ३५० वॉट खाते. भागाकाराने पाच-सहा तास येतात, पण रूपांतरातली घट आणि जड भाराखाली कमी होणारी क्षमता धरता नवी बॅटरी तीन-चार तास देते. जुनी किती देईल ते तिच्यातले पाणी आणि टर्मिनलवर चढलेला हिरवट-पांढरा थर सांगतो. त्याच लाइनवर टीव्ही व दोन पंखे असले तर हिशेब आणखी घसरतो. म्हणून रुग्णाच्या मशीनची लाइन वेगळी काढावी. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्यावा. स्क्वेअर वेव्हवर कॉम्प्रेसर गुरगुरतो आणि तापतो. नदीकाठी बॅटरी जमिनीवर ठेवू नये. जुलै १९८९ च्या अंबेच्या पुराची आठवण असलेल्यांना हे सांगावे लागत नाही.

सिलिंडर. ‘बी’ प्रकारात सुमारे १,५०० लिटर आणि ‘डी’, म्हणजे जम्बो, प्रकारात सुमारे ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटर लागणाऱ्या रुग्णाला लहान सिलिंडर साधारण बारा तास आणि जम्बो दोन दिवसांहून अधिक पुरतो. लाइट गेल्यावर कॉन्सन्ट्रेटरवरची नळी काढून सिलिंडरच्या फ्लोमीटरला लावायची, चावीने व्हॉल्व्ह हळू उघडायचा आणि काचेतली गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यावर आणायची; आकडा गोळीच्या मध्यावर वाचतात. चावी दोरीने सिलिंडरच्या मानेलाच बांधून ठेवावी, कारण अंधारात हरवते ती तीच. व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लावू नये. लाइट गेली म्हणून लावलेली मेणबत्ती आणि देवापुढची निरांजन त्या खोलीत नको. सिलिंडर भिंतीला साखळीने अडकवावा.

जनरेटर काही दिवसांच्या खंडाला उपयोगी खरा, पण त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. पाऊस लागला की तो पडवीत ओढून घेण्याचा मोह होतो; तो टाळावा. छपराखाली ठेवायचाच तर घरापासून सुटा, खिडक्यांपासून दूर.

सौर संचाबाबत मोठा गैरसमज आहे. अनुदानातून छपरावर बसणारा नेहमीचा ग्रिडला जोडलेला संच लाइट गेली की स्वतःही बंद होतो, मग ऊन कितीही कडक असो. दुरुस्तीला तारेवर चढलेल्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणून तशी रचनाच असते. रुग्णासाठी हवा तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो.

इन्सुलिनला यांपैकी काहीच नको. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात, पण फ्रिज बंद पडला तर घट्ट झाकणाच्या डब्यात घालून पाण्याच्या मातीच्या मडक्यात ठेवता येतात. बर्फाला थेट लावू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वाया जाते.

ऑस्ट्रेलियात जीवरक्षक उपकरण असलेल्या घराची नोंद वीज कंपनीकडे असते आणि नियोजित बंदची लेखी सूचना त्या घराला आधी द्यावी लागते. ब्रिटनमध्येही अग्रक्रमाच्या ग्राहकांची नोंदवही आहे. आपल्याकडच्या वीजबिलावर मंजूर भार असतो, घरातल्या रुग्णाचा उल्लेख नसतो. गावातल्या गरोदर बायकांची आणि बाळांची यादी आशा कार्यकर्तीकडे असतेच. तिच्यात मशीनवरच्या रुग्णांची नावे घालून, घरच्यांच्या संमतीने, ती मेअखेर महावितरणच्या शाखा कार्यालयात आणि जवळच्या आरोग्य केंद्रात द्यावी. तोवर नातेवाइकांनी आपला ग्राहक क्रमांक, फीडरचे नाव, तक्रारीसाठी १९१२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे मशीनवरच चिकटवून ठेवावे.