ओबेया : टोयोटाची नियोजनाची खोली

‘ओबेया’ या जपानी शब्दाचा अर्थ मोठी खोली. एका गाडीच्या विकासाची सूत्रे एकाच प्रमुख अभियंत्याकडे सोपवण्याची प्रथा टोयोटा कंपनीत 1950 च्या दशकात रुजली. 1955 साली बाजारात आलेली क्राउन ही गाडी केन्या नाकामुरा यांच्या नेतृत्वाखाली अशीच घडली.

1990 च्या दशकात प्रियस या नव्या गाडीची जबाबदारी अशाच एका प्रमुख अभियंत्याकडे, ताकेशी उचियामादा यांच्याकडे आली. पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर यांचा मेळ घालायचा होता, मुदतही अपुरी होती. त्यांनी निरनिराळ्या विभागांचे अभियंते एका खोलीत आणले; हीच ओबेया. भिंतींवर आराखडे आणि वेळापत्रक लावलेले असे. अडचण सर्वांसमोर येई आणि निर्णय तिथल्या तिथे होई. संकरित यंत्रणेचे अनेक पर्याय आधी शेजारी-शेजारी तपासले गेले, मग एक निवडला गेला. डिसेंबर 1997 मध्ये प्रियस जपानमध्ये विक्रीस आली.

‘लीन’ म्हणजे काटकसरीच्या पद्धतीत नियोजनाला महत्त्व आहे ते यामुळेच. कागदावर चूक सुधारणे स्वस्त पडते. साचे तयार झाल्यावर तीच चूक वेळ, श्रम आणि पैसा तिन्ही खाते. पुढे ओबेयाची पद्धत इतर उद्योगांनीही स्वीकारली.