आयफोन १६ प्रो मॅक्स की गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा? सव्वा लाख मोजण्याआधी एवढं वाचा

कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "भारीतला फोन घ्यायचाय, कोणता घेऊ?" एवढं टाकलं की दहा मिनिटांत दोन पार्ट्या पडतात. एक आयफोनवाल्यांची, दुसरी सॅमसंगवाल्यांची. मग अर्धा तास मेगापिक्सेल, प्रोसेसर आणि "आमच्या भावाने घेतलाय, एक नंबर आहे" यात जातो. ज्याने प्रश्न विचारलेला असतो, तो मात्र होता तिथेच राहतो.

कारण सरळ आहे. या किमतीला वाईट फोन मिळतच नाही. दोन्ही फोन वेगवान आहेत, दोन्हींची स्क्रीन ६.९ इंचांची आहे, दोन्हींची बॉडी टायटॅनियमची आहे आणि दोन्ही पाण्यात पडले तरी लगेच दगा देत नाहीत. फरक पडतो तो रोजच्या वापरातल्या बारीकसारीक गोष्टींत, आणि त्यावर ग्रुपवर फारसं कुणी बोलत नाही.

आधी पैशांचं बोलू.

अ‍ॅपलने आयफोन १६ प्रो मॅक्स ९ सप्टेंबर २०२४ ला जाहीर केला. भारतात २५६ जीबीच्या मॉडेलची किंमत होती १,४४,९०० रुपये. सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा २२ जानेवारी २०२५ ला आला, तेवढ्याच स्टोरेजसाठी १,२९,९९९ रुपयांना. म्हणजे फरक १४,९०१ रुपयांचा. गंमत अशी की अमेरिकेत हेच गणित उलटं आहे. तिथे आयफोन १,१९९ डॉलरला आणि सॅमसंग १,२९९ डॉलरला बाजारात आला. त्यामुळे अमेरिकन यूट्यूबर "पैसा वसूल कोणता" यावर जे सांगतो, ते इकडे जसंच्या तसं लागू होत नाही.

एवढी रक्कम बरेच जण ईएमआयवर भरतात, आणि इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. "नो कॉस्ट ईएमआय" म्हणजे व्याज नाही, असं दुकानातला माणूस सांगतो. पण शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच आक्षेप घेतला होता. तेव्हापासून बँक व्याज लावतेच. फक्त त्या व्याजाएवढी सूट कंपनी किंवा विक्रेता आधीच देतो, म्हणून एकूण रक्कम सारखी दिसते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी ग्राहकाच्या खिशातून जातो आणि वर बँकेची प्रोसेसिंग फी असते. समजा २४ महिन्यांचं व्याज १५,००० रुपये धरलं, तर नुसता जीएसटीच २,७०० रुपये होतो. शिवाय नो कॉस्ट ईएमआय घेतला की रोख सूट कमी होते किंवा मिळतच नाही, असंही अनेकदा होतं. म्हणून दुकानात "महिन्याला किती" हे विचारून थांबू नका. "सगळं मिळून शेवटी किती भरणार" हा आकडा लिहून मागा.

आता आयफोनच्या बाजूचा एक मुद्दा. जुना आयफोन विकताना भाव चांगला येतो, हे सेकंडहँड बाजारात कुणालाही विचारा. सॅमसंगच्या महागड्या फोनची किंमत सणासुदीच्या सेलमध्ये लवकर खाली येते आणि जुन्या फोनचा भावही तिच्यासोबत उतरतो. हिशेब असा मांडा: तीन वर्षांनी आयफोन सॅमसंगपेक्षा १५ हजारांनी जास्त भावात गेला, तर आज दिलेले जास्तीचे पैसे वसूल. पण फोन फुटेपर्यंत वापरायचा किंवा नंतर आईबाबांना द्यायचा असा घरचा शिरस्ता असेल, तर या मुद्द्याला काहीच अर्थ नाही. उलट सॅमसंगच घ्यायचा ठरला असेल, तर लाँचच्या दिवशी पूर्ण पैसे भरण्याची घाई कशाला? दसरा-दिवाळीपर्यंत थांबा.

२०० मेगापिक्सेलचं खरं काय?

सॅमसंगच्या मुख्य कॅमेऱ्यावर २०० मेगापिक्सेल लिहिलेलं असतं, आयफोनवर ४८. म्हणून सॅमसंगचा फोटो चौपट चांगला येतो का? नाही. नेहमीच्या मोडमध्ये सॅमसंग सेन्सरवरचे १६ छोटे पिक्सेल एकत्र करून त्यांचा एक मोठा पिक्सेल बनवतो आणि हातात सुमारे १२ मेगापिक्सेलचा फोटो देतो. कमी उजेडात त्याचा फायदा होतो, कारण मोठा पिक्सेल जास्त प्रकाश गोळा करतो. आयफोनही असाच खेळ करतो आणि सहसा २४ मेगापिक्सेलचा फोटो देतो. पूर्ण २०० मेगापिक्सेलचा मोड असतो, पण त्या फाइल्स जड असतात. रोज कुणी तो वापरत नाही.

मेगापिक्सेलपेक्षा लेन्स किती आणि कोणत्या, हे पाहणं जास्त उपयोगाचं. दोन्ही फोनमध्ये लांबचं जवळ आणणारी ५ पट झूमची लेन्स आहे. सॅमसंगमध्ये त्याशिवाय ३ पट झूमची आणखी एक लेन्स आहे. आयफोनमध्ये ती नाही, त्यामुळे मधल्या अंतरासाठी तो मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करतो. घरातल्या लग्नात सात-आठ फुटांवरून नवरा-नवरीचा पोर्ट्रेट काढताना हे मधलंच अंतर लागतं. आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात शेवटच्या रांगेत बसून स्टेजवरचं आपलं पोर शोधायचं असेल, तर सॅमसंगच्या ५ पट लेन्समागे ५० मेगापिक्सेलचा सेन्सर आहे, आयफोनच्या मागे १२ मेगापिक्सेलचा. आणखी झूम करायला सॅमसंगकडे जागा जास्त उरते. १०० पट झूम मात्र मित्रांना चंद्र दाखवण्यापुरतं ठीक आहे.

व्हिडिओत पारडं आयफोनकडे झुकतं. दोन्ही फोन ४के व्हिडिओ सेकंदाला १२० फ्रेमने घेतात, सॅमसंग तर ८केसुद्धा घेतो. पण एका लेन्सवरून दुसरीवर जाताना रंग न बदलणं, चालता चालता चित्र स्थिर राहणं, आवाज स्वच्छ येणं यात आयफोन अजूनही जास्त भरवशाचा वाटतो. प्रोरेस फॉरमॅटमधलं शूटिंग थेट बाहेरच्या एसएसडीवर घेता येतं. रील्स, लग्नाचे व्हिडिओ किंवा यूट्यूब चॅनेल यातून ज्यांची कमाई होते, त्यांच्यासाठी हा एकच मुद्दा पंधरा हजारांना पुरून उरतो. बाकीच्यांनी स्वतःची गॅलरी उघडून पाहावी. व्हिडिओ किती आणि फोटो किती, हे तिथेच कळेल.

दोन सिम, रेकॉर्डिंग आणि मराठी

एक सिम घरचं, एक ऑफिसचं, असं असणारे लाखो लोक आहेत. सॅमसंगमध्ये दोन प्लास्टिकची सिम बसतात. भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये एकच बसतं, दुसरं ई-सिम घ्यावं लागतं. ई-सिम वाईट नाही, पण फोन बंद पडला तर ते काढून शेजारच्याच्या फोनमध्ये घालता येत नाही. अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाकडून आयफोन मागवणाऱ्यांनी तर आणखी सावध राहावं. आयफोन १४ पासून अमेरिकेतल्या मॉडेलला सिमचा ट्रेच नाही.

कॉल रेकॉर्डिंग हा अनेकांसाठी जिव्हाळ्याचा विषय. सॅमसंगच्या स्वतःच्या फोन अ‍ॅपमध्ये ही सोय आहे. आयफोनमध्ये ती ऑक्टोबर २०२४ च्या आयओएस १८.१ पासून आली, पण रेकॉर्डिंग सुरू होताच समोरच्याला तशी घोषणा ऐकू जाते. प्रायव्हसीच्या दृष्टीने अ‍ॅपलचं बरोबर आहे. पण साइटवरून तोंडी ऑर्डर घेणाऱ्या कंत्राटदाराला ते पटणार नाही.

मराठीच्या बाबतीत चित्र बदललंय. अँड्रॉइडवर अख्खा फोन मराठीत वापरण्याची सोय जुनीच आहे. अ‍ॅपलने आयओएस १८ मध्ये भारतीय भाषांसाठी क, ख, ग अशा क्रमाचे कीबोर्ड दिले, इंग्रजीत मराठी शब्द मिसळून सिरीशी बोलायची सोय केली आणि २०२५ च्या आयओएस १८.४ मध्ये फोनच्या मेन्यूची भाषा म्हणून मराठीही आणली. एआयचं सांगायचं तर दोन्ही कंपन्या जाहिरातीत त्याचाच ढोल वाजवतात, पण अ‍ॅपल इंटेलिजन्स आणि गॅलेक्सी एआय दोन्ही मुख्यतः इंग्रजी वापरणाऱ्यांना उपयोगी पडतात. हे फोन आले तेव्हा गॅलेक्सी एआयमध्ये निदान हिंदी होती, मराठी दोन्हींकडे नव्हती. मराठीत प्रश्न विचारून मराठीत उत्तर हवं असेल, तर गूगलचं जेमिनी जास्त कामाचं, आणि ते दोन्ही फोनवर चालतं. सॅमसंगमध्ये ते बाजूचं बटण दाबून उघडतं, आयफोनमध्ये अ‍ॅप डाउनलोड करावं लागतं, इतकाच फरक. नुसत्या एआयसाठी यातला कुठलाही फोन घेऊ नये.

ऊन हा आपल्याकडचा आणखी एक निकष. एप्रिलच्या दुपारी रस्त्यावर मॅप बघताना सॅमसंगची स्क्रीन जास्त स्पष्ट दिसते, कारण ती २,६०० निट्सपर्यंत उजळते (आयफोनची २,००० पर्यंत) आणि काचेवर प्रतिबिंब कमी पडतं. वजन सॅमसंगचं २१८ ग्रॅम, आयफोनचं २२७. दोन्ही फोन शर्टच्या खिशातून वाकल्यावर पडण्याइतके मोठे आहेत. बॅटरी दोन्हींची दिवसभर पुरते आणि चार्जर दोन्हींच्या बॉक्समध्ये नाही. एस पेनचं आकर्षण असेल तर एक लक्षात ठेवा: एस२५ अल्ट्राच्या पेनमधून सॅमसंगने ब्लूटूथ काढून टाकलंय. लिहिता येतं, पण पेनचं बटण दाबून लांबून फोटो काढणं बंद.

किती वर्षं टिकणार?

सॅमसंगने सात वर्षं अपडेट देण्याचं वचन दिलंय, म्हणजे साधारण २०३२ पर्यंत. अ‍ॅपल जाहिरातीत असा आकडा सांगत नाही, पण त्यांचा इतिहास बोलतो: २०१८ च्या आयफोन एक्सएसला २०२४ चं आयओएस १८ मिळालं. सॅमसंगचा २०१९ चा एस१० मात्र अँड्रॉइड १२ वर थांबला. म्हणजे एकाकडे लेखी वचन आहे, दुसऱ्याकडे पाळून दाखवलेला रेकॉर्ड. पाच वर्षं फोन वापरायचा असेल तर दोन्ही चालतील.

त्याआधी स्क्रीन फुटण्याची शक्यता जास्त, आणि वॉरंटीबाहेर दोन्हींची स्क्रीन बदलायचा खर्च पाच आकडी असतो. फोन घेण्याआधी आपल्या तालुक्यात किंवा जिल्ह्याच्या गावी त्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे, हे कंपनीच्या वेबसाइटवर बघून ठेवा. मुंबई-पुण्यात हा प्रश्न पडत नाही. गडचिरोली किंवा सिंधुदुर्गात पडतो.

मग घ्यायचा कोणता? आत्ता अँड्रॉइड वापरत असाल, घरी मॅकबुक किंवा अ‍ॅपलचं घड्याळ नसेल आणि व्हिडिओ हा धंदा नसेल, तर एस२५ अल्ट्रा. पंधरा हजार वाचतात, सवयी बदलाव्या लागत नाहीत. आधीपासून आयफोन, मॅक वापरणाऱ्यांनी आणि व्हिडिओवाल्यांनी आयफोनच घ्यावा. "इमेज" साठी आयफोन घेणाऱ्यांना कुणी थांबवू शकत नाही, पण कव्हर घातल्यावर आयफोन १६ प्रो मॅक्स आणि १५ प्रो मॅक्स यातला फरक लांबून कुणाला कळत नाही.

आणि ज्यांना हप्ता भरताना महिनाअखेर ओढाताण होणार आहे, त्यांनी दोन्ही सोडावेत. साधा एस२५ ८०,९९९ ला आला, साधा आयफोन १६ ७९,९०० ला. आयफोन १६ मध्ये लांबच्या फोटोची लेन्स नाही आणि स्क्रीन ६० हर्ट्झची आहे, एस२५ मध्ये ३ पट झूम आणि १२० हर्ट्झ दोन्ही आहे. पन्नास-साठ हजारांच्या फरकात एक बऱ्यापैकी लॅपटॉप येतो.

कंपनी बदलत असाल तर जुना फोन लगेच एक्स्चेंजला देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपचा गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनवर उघडत नाही आणि आयक्लाउडवरचा अँड्रॉइडवर. अँड्रॉइडवरून आयफोनवर चॅट न्यायचे तर "मूव्ह टू आयओएस" अ‍ॅप लागतं, आणि तेही नवा आयफोन पहिल्यांदा सेट करतानाच. आयफोनवरून सॅमसंगवर येताना दोन्ही फोन केबलने जोडून स्मार्ट स्विच वापरावं. एकदा विकत घेतलेली अ‍ॅप दुसरीकडे बहुतेक वेळा पुन्हा घ्यावी लागतात. यूपीआय नव्या फोनवर पुन्हा नोंदवावं लागतं आणि बऱ्याच बँका सुरुवातीला पैसे पाठवण्यावर मर्यादा ठेवतात, त्यामुळे घरभाडं किंवा फी भरायच्या आदल्या दिवशी फोन बदलू नका. दुकानातून निघण्याआधी *#०६# डायल करून स्क्रीनवर आलेला आयएमईआय नंबर बॉक्सवरच्या आणि बिलावरच्या नंबरशी जुळवा, आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो टाकून फोन ब्लॅकलिस्टमध्ये तर नाही ना, तेही तिथेच उभं राहून बघून घ्या.