दुर्बिणीचे मोल

रायफलीवर महागडी दुर्बीण बसवावी काय, हा शिकाऱ्यांचा आणि नेमबाजांचा जुना वाद आहे. इतिहासाच्या अंगाने पाहता आम्हांला असे वाटते की, दुर्बिणीचे मोल ती कोणती अडचण दूर करते यावर ठरते. नेमाचे श्रेय मात्र तिला सहसा देता येत नाही.

फिनलंडचा सिमो हायहा हा शेतकरी, शिकारी आणि स्पर्धांतला नेमबाज. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात कोल्ला आघाडीवर त्याने पाचशेहून अधिक सोव्हिएत सैनिक टिपले असे मानले जाते. त्याच्या रायफलीला दुर्बीण नव्हती. नळीवरची साधी माशीच त्याला पुरली. दुर्बिणीतून पाहायचे तर डोके किंचित वर काढावे लागे, उन्हात काच चमके, आणि कडाक्याच्या थंडीत तिच्यावर बाष्प धरे.

यावरून दुर्बीण म्हणजे केवळ श्रीमंती चोचले, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. लेप नसलेल्या भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. असे दहा पृष्ठभाग असले की जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश वाया जातो. १९३५ मध्ये झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी ही हानी कमी करणारा लेप शोधला. पुढे अमेरिकेत, बाष्पामुळे हरणावरचा नेम हुकल्यावर मार्कस ल्युपोल्ड बाष्परोधक दुर्बिणीच्या मागे लागले, असे सांगतात. त्यांच्या कंपनीने १९४७ मध्ये नत्रवायू भरलेली दुर्बीण बाजारात आणली. शिकारीची वेळ बहुधा दिवेलागणीची. तेव्हा चांगल्या काचेला दिलेले पैसे वाया जात नाहीत.

पण वाऱ्याचा अंदाज, श्वासाचा ताबा आणि चापावरचे बोट यांना दुर्बीण पर्याय नाही. उलट लांबचे जवळ दिसू लागले की आवाक्याबाहेरची गोळी झाडण्याचा मोह होतो, आणि त्याची किंमत जखमी होऊन रानात शिरलेले जनावर मोजते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हा प्रश्न मुख्यतः नेमबाजांचा उरला आहे. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बिणीला मज्जाव आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, तेही तिच्याविनाच. म्हणून नवशिक्याने आधी पैसे काडतुसांवर आणि सरावावर खर्च करावेत. डोळा कुठे कमी पडतो हे कळल्यावर दुर्बिणीचा विचार करावा.